बेचाळीस सेकंदांची लढाई, तीन तासांचा शनिवार

ताई, नमस्कार.

डोंबिवलीत आमचा पाच जणांचा ग्रुप आहे आणि सहावा मी, डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा. दर शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, सगळे चौथ्या लेव्हलवर. गेल्या शनिवारी पुलावर सहा हॉबगॉब्लिन (राक्षसी शिपाई) आणि एक ओगर (धिप्पाड राक्षस) अशी लढाई ठेवली होती. सात राउंड (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) झाले आणि त्यातच तीन तास गेले. गोष्ट एक पाऊल पुढे सरकली नाही.

फायटर खेळणारा मित्र डावपेचांचा वेडा आहे. कोण कुठे उभा, कुणाला कुठे कोंडायचं याचा तो मन लावून विचार करतो. विझार्ड म्हणजे माझा मोठा मामेभाऊ. त्याची टर्न आली की मग तो शीट उघडतो आणि एकेक स्पेल (मंत्र) वाचायला घेतो. वहिनी रेंजर आहेत. त्या आणि क्लेरिकवाली मैत्रीण तोवर मोबाइलमध्ये. बार्बेरियन उठून चहा टाकायला जातो. वैतागून मी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणलं, तर दादा चिडला. म्हणाला, "एवढी घाई असेल तर लुडोच काढ ना." फायटर म्हणतो, नियम कमी केलेस तर खेळण्यात राम राहणार नाही. बार्बेरियन म्हणतो, ग्रिड (चौकटींचा पट) फेकून दे, सगळं तोंडी कर. कुणाचं ऐकू? की सिस्टीमच बदलू?

– एक दमलेला डीएम

दमलेल्या डीएमला,

आधी तुझाच हिशेब मांडू. पाचव्या आवृत्तीत राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे सात राउंड हे गोष्टीतले ४२ सेकंद. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात त्याचे तीन तास झाले, राउंडला साधारण २५ मिनिटं. पाच खेळाडूंनी प्रत्येकी तीन मिनिटं घेतली असं धर, १५ झाली. उरलेली दहा तुझी: सहा हॉबगॉब्लिन, एक ओगर, प्रत्येकाची वेगळी टर्न, वेगळी चाल, वेगळे फासे. आता वहिनींच्या खुर्चीत बसून बघ. तीन मिनिटं खेळायचं आणि २२ मिनिटं बसायचं. बाण मारला, चुकला, पुन्हा २२ मिनिटं. मोबाइल हातात घेणार नाहीत तर काय करतील बिचाऱ्या?

(जाता जाता: १९७४च्या पहिल्या डी अँड डीमध्ये लढाईचा राउंड एका मिनिटाचा होता. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत तो सहा सेकंदांवर आला. गोष्टीतला राउंड दहा पटींनी आखडला आणि टेबलावरचा मात्र फुगतच गेला.)

दादाचंही तसंच. चौथ्या लेव्हलच्या विझार्डची बुद्धी १८ असेल, तर त्याच्याकडे आठ तयार स्पेल आणि चार कँट्रिप (हवे तितक्या वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) असतात. बारा गोष्टींतून एक निवडायची, मग ती कुणावर टाकायची ते ठरवायचं. हा विचार त्याने आधीच करून ठेवावा असं तुला वाटतं. पण करून उपयोग काय? त्याने मनाशी पक्कं केलेल्या जागेवरून दोन हॉबगॉब्लिन हलतात, मग फायटर मध्ये घुसतो, मग ओगर येतो, आणि दादाची टर्न येईस्तोवर पट पार बदललेला असतो. असं चार-पाचदा झालं की माणूस आधी विचार करणं सोडून देतो. तुझं वाळूचं घड्याळ नेमकं या शहाण्या माणसाला शिक्षा करतं. ते कपाटात ठेव.

तेव्हा मला वाटतं ते असं. लढाई रेंगाळल्यासारखी वाटते ती दोन निर्णयांच्या मधल्या रिकाम्या वेळामुळे. आणि डावपेचांची मजा येते ती निर्णयाने काहीतरी बदलतं तेव्हा. तू या दोन गोष्टी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालून बसला आहेस, म्हणून तुला फायटर आणि बार्बेरियन यांच्यातला एक निवडावा लागतोय. फायटरच्या वाटणीचं काहीही न कापता वेळ निम्म्यावर आणता येतो. कापायची ती वाट बघणं, निष्फळ फासे, आणि निकाल लागून गेल्यावरची मारामारी.

सुरुवात इनिशिएटिव्हपासून, म्हणजे कुणी कधी खेळायचं ते ठरवणाऱ्या फाशापासून कर. तू सातही शत्रूंचे फासे वेगवेगळे टाकतोयस असं तुझ्या वर्णनावरून दिसतं. बहुतेक कुठल्या तरी ॲपची कृपा. पुस्तकातला मूळ नियम बघ: एकाच जातीच्या शत्रूंसाठी डीएम एकच फासा टाकतो. म्हणजे सहा हॉबगॉब्लिन एका झटक्यात हलणार. एवढंच केलंस तरी पट राउंडमध्ये सात वेळा बदलण्याऐवजी दोनदा बदलेल.

मी तर आणखी पुढे जाईन. शत्रूंचा एकच आकडा ठेव, समज १२. ज्यांचा इनिशिएटिव्ह त्याच्या वर आला ते शत्रूंच्या आधी खेळतील, बाकीचे नंतर. दुसऱ्या राउंडपासून सरळ दोन बाजू होतात: एकदा तुम्ही सगळे, एकदा ते सगळे. २०१४च्या डीएम गाइडमध्ये बाजूवार इनिशिएटिव्हचा ऐच्छिक नियम आहेच, आणि १९८१च्या बेसिक संचात तर तीच रीत होती. दर राउंडला दोन्ही बाजू सहा बाजूंचा फासा टाकायच्या. पण सरसकट बाजूवार खेळलं की पहिल्यांदा खेळणारी बाजू समोरच्याला उठूच देत नाही. म्हणून पहिल्या राउंडपुरती वर सांगितलेली चाळणी ठेव.

याने काय होतं बघ. पाच जणांची टर्न एकत्र असते आणि आधी कोण, नंतर कोण हे त्यांनीच ठरवायचं असतं. क्लेरिक म्हणते, "थांब, आधी मी ब्लेस टाकते, मग तू मार." फायटर म्हणतो, "दादा, तू त्यांना ढकल, मी तोवर पुलाच्या तोंडाशी जातो." दादाला अजून स्पेल सुचला नसेल तर वहिनी बाण मारून मोकळ्या होतात, कुणी कुणासाठी अडून राहत नाही. तुझ्या फायटरला हवे आहेत ते डावपेच हेच, आणि त्यासाठी एकही नवा नियम लागला नाही. उलट आत्ताच्या पद्धतीत त्याने कितीही आखणी केली तरी मध्ये चार हॉबगॉब्लिन येऊन ती मोडणारच.

आता फासे. हॉबगॉब्लिनचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १८, हिट पॉइंट (किती नुकसान झालं की पडतो तो आकडा) ११. चौथ्या लेव्हलच्या फायटरचं बळ १८ असेल तर त्याला वारात +६ मिळतात, म्हणजे डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) १२ किंवा जास्त यायला हवं. शंभरातले ४५ वार लागतात. लागला तरी तलवारीचं नुकसान डी८+४, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक ४. एका वारात ११ भरायला फाशावर ७ किंवा ८ यायला हवेत. ती शक्यता चारात एक. गोळाबेरीज केलीस तर एक हॉबगॉब्लिन पाडायला साधारण चार वार लागतात. असे सहा हॉबगॉब्लिन! तुझे तीन तास इथे सांडलेत. चार वारांपैकी निर्णय एकच होता, "याला मारायचं". बाकीचे तीन वार त्याच निर्णयाची हजेरी.

आता त्याच हॉबगॉब्लिनची ढाल काढून पाठीवर टाक. एसी १६ झाला. तलवार दोन्ही हातांनी धरली की त्याचं सरासरी नुकसान ५वरून ६ होतं, तेही पुस्तकात छापलेलंच आहे. हिट पॉइंट ११ ही नुसती सरासरी. खरा आकडा २डी८+२, म्हणजे ४ ते १८मध्ये काहीही. तू ५ धर. फायटरचं कमीत कमी नुकसान ५ आहे, म्हणजे वार लागला की गडी पडला. लागण्याची शक्यता ५५ टक्के. चार वारांचं काम दोनाच्या आत आलं. ही काही लबाडी नाही. पुस्तकाच्या चौकटीतच आहेस तू. २००८च्या चौथ्या आवृत्तीत यासाठी मिनियन होते, एका हिट पॉइंटचे. त्या आवृत्तीच्या लढाया लांबतात अशी ओरड झाली, तेव्हा २०१०च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये मॉन्स्टरांचं नुकसान वाढवलं गेलं. मला ती दिशा आजही पटते. शत्रू लवकर मरावा, पण तोवर त्याची भीती वाटावी.

भीती कमी पडेल असं वाटलं तर हिट पॉइंट वाढवू नकोस. माणसं वाढव, तीही मागून. तिसऱ्या राउंडला पलीकडून आणखी चार जण येतील, पण कुणी शिंग फुंकलं तरच. आता शिंगवाल्याला आधी मारायचं की ओगरला, हा प्रश्न टेबलावर आला.

नुकसानाचे फासे तू टाकूच नकोस. प्रत्येक मॉन्स्टरपुढे सरासरी छापलेली असते, ती सांग आणि पुढे हो. चार धनुर्धारी एकाच माणसावर बाण सोडत असतील, तर डीएम गाइडमध्ये जमावाचा तक्ता आहे: वार लागायला डी२०वर ६ ते १२ लागत असतील तर दर दोघांमागे एक वार लागलाच असं धरायचं, १३-१४ लागत असतील तर तिघांमागे एक, १५-१६ असेल तर चौघांमागे एक. वहिनींच्या रेंजरचा एसी १५ असेल तर हॉबगॉब्लिनला +३ धरून १२ हवेत. म्हणजे चारांतले दोन बाण लागले, ५ आणि ५, दहा कमी करा. पाच सेकंदांत काम झालं. ओगरसाठी मात्र फासा टाक आणि सगळ्यांसमोर टाक. तो एकटा आहे, त्याच्या सोट्याची सरासरी १३ आहे, आणि तो फासा गडगडताना सगळ्यांनी मान पुढे काढून बघावी.

खेळाडूंनी वाराचा आणि नुकसानाचा फासा एकदम टाकायचा, हे सांगायला नकोच. आणि एसी लपवू नकोस. पहिला-दुसरा वार झाला की "सोळा आहे" म्हणून सांगून टाक. "सतरा लागतं का?" "लागतं." "आणि चौदा?" हे संवाद नाटकात बरे दिसतात. शत्रू अर्ध्यावर आला की तेही सांग. चौथ्या आवृत्तीत त्याला ब्लडिड म्हणायचे आणि २०२४च्या नव्या पुस्तकांनी तो शब्द परत आणला आहे.

इथवर वेळाचं झालं. फायटरचा मुद्दा राहिलाच: खोली कुठून आणायची? लोकांना वाटतं जास्त नियम म्हणजे जास्त खोली. फ्लँकिंगचंच घे. ऐच्छिक नियम आहे, दोघांनी शत्रूच्या दोन बाजूंना उभं राहायचं आणि ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा धरणं) घ्यायचा. ऐकायला डावपेच वाटतो. प्रत्यक्षात दर लढाईत सगळे जण शत्रूच्या मागे-पुढे ओळ लावून उभे राहतात, कारण दुसरं काही करणं मूर्खपणा ठरतो. ज्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी एकच असतं तो प्रश्न विचारायचा कशाला? तुमच्याकडे तो नियम चालू असेल तर या शनिवारीच बंद कर. फायटर कुरकुरेल, कुरकुरू दे.

खरी खोली हॉबगॉब्लिनच्या पानावर आधीच आहे आणि तू ती वापरलेली दिसत नाहीस. त्यांचं मार्शल ॲडव्हांटेज वाच. ज्याला वार लागला त्याच्यापासून पाच फुटांत दुसरा हॉबगॉब्लिन किंवा त्यांचा कुणी साथीदार धडधाकट उभा असेल, तर टर्नमध्ये एकदा २डी६ जास्तीचं नुकसान. सरासरी ७. म्हणजे एकटा हॉबगॉब्लिन दोन हातांनी ६ मारतो आणि जोडीतला १३, ओगरच्या सोट्याइतकं. हे खेळाडूंना पहिल्याच राउंडला दाखवून दे, वर्णनातून दाखव: "दोघे एकमेकांकडे बघतात, एक खाली वार करतो आणि त्याच क्षणी दुसरा वरून." मग मोठ्याने "तेरा" म्हण. बस्स. त्यापुढे त्यांना जोड्या फोडायच्या आहेत हे कुणी सांगावं लागणार नाही.

आता तुझा पूल घेऊ. किती रुंद होता? पत्रात लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा दहा-पंधरा फूट, आणि सगळे मधोमध गोळा होऊन एकमेकांना बडवत होते. तो पाच फुटांचा कर. आता फायटर पुलात उभा राहिला तर समोरून एकच हॉबगॉब्लिन त्याला भिडू शकतो, जोडी जमतच नाही. छान वाटतंय ना? पण पलीकडच्या काठावर चार धनुर्धारी आहेत, आणि फायटरला भिडलेला तो एक त्यांचाच साथीदार आहे. म्हणजे फायटरला बाण लागला की त्यावरही ते जास्तीचे ७. फायटरने पूल धरून ठेवायचा की मागे सरकून त्यांना अलीकडे येऊ द्यायचं? दादाच्या थंडरवेव्ह या स्पेलने पुलावरचा एक दहा फूट मागे फेकला गेला की तो परत भिडेपर्यंत बाणांतली ताकद गेली. वहिनींनी धनुर्धाऱ्यांना मारायचं की पुलाच्या दोरावर कुऱ्हाड चालवणाऱ्याला? कारण दोर चार राउंडमध्ये तुटणार आहे, आणि हे तू पहिल्या राउंडलाच सांगितलं आहेस. सांगायचंच. शत्रू पुढच्या टर्नला काय करणार याची चाहूल दिल्याशिवाय खेळाडू डावपेच कसले लढवणार? नुसते अंदाज बांधत बसतील, आणि अंदाज बांधायला वेळ लागतो.

लक्षात घे, या पुलात नवीन नियम एकही नाही. जागा अरुंद केली, दोन प्रकारचे शत्रू ठेवले, एक मुदत दिली. तुझ्या मूळ लढाईत एकच उद्दिष्ट होतं: समोरच्यांचे १२५ हिट पॉइंट शून्यावर आणा. त्यात कितीही नियम ओत, करायचं काम तेच राहतं.

आणि मग ती संपवायची कधी? तुझ्या सातपैकी शेवटच्या दोन-तीन राउंडमध्ये काय झालं असेल ते मी न बघता सांगते. ओगर पडलेला, दोन हॉबगॉब्लिन उरलेले, खेळाडूंपैकी कुणी मरणार नाही हे सगळ्यांना कळलेलं, आणि तरी तुम्ही फासे टाकत होता. कसोटी सामन्यात शेवटच्या दुपारी निकाल लागत नाही हे उघड झालं की दोन्ही कर्णधार हात मिळवून मोकळे होतात, उरलेली षटकं कुणी मागत नाही. तूही थांबव. "उरलेल्या दोघांना तुम्ही गाठता. मारता, बांधता की सोडता?" एक वाक्य आणि गोष्ट पुढे.

त्याहून बरं म्हणजे शत्रूलाच जिवाची भीती असू दे. १९८१च्या बेसिक संचातला मोरालचा (धीर टिकतो की सुटतो याचा) नियम मला अजूनही सगळ्यात आवडतो. प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२मधला एक आकडा. त्यांच्यातला पहिला पडला की दोन सहाबाजू फासे टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. दोन्ही वेळा टिकले तर मात्र शेवटपर्यंत लढतात. हॉबगॉब्लिनला ८ दे, शिस्तीचे शिपाई आहेत. ओगर पडला की तो ६ कर. आता ओगरला आधी पाडायचं कारण मिळालं की नाही? वेळ वाचवायला आणलेल्या नियमाने डावपेचही दिला. पाचव्या आवृत्तीतही मोरालचा ऐच्छिक नियम आहे, विज्डमच्या सेव्हचा (संकटातून वाचायला टाकायच्या फाशाचा), पण मला तो बेचव वाटतो.

तुझ्या फायटरला हे पटत नसेल, "पळालेला शत्रू म्हणजे अर्धवट विजय" असं म्हणत असेल, तर त्याला उंबरखिंडीची आठवण दे. १६६१चा फेब्रुवारी. कारतलबखानाची फौज सह्याद्री उतरून कोकणात चाललेली, खिंड अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी. महाराजांनी पुढची वाट अडवली, मागचीही अडवली. शेवटचा शिपाई पडेपर्यंत लढायची गरजच पडली नाही. खान शरण आला, सामानसुमान आणि खंडणी टाकून निघून गेला. जागा निवडण्यात सगळी बुद्धी खर्च झाली आणि प्रत्यक्ष लढाई त्यामानाने लवकर आटोपली. अशी एक लढाई ठेव ना त्याच्यासाठी, जिथे खेळाडू वर आणि शत्रू खिंडीत. अर्धा तास त्यांना नुसतं आखू दे: कोण कुठे, दगड कधी ढकलायचे. तो अर्धा तास कुणालाच लांबलेला वाटणार नाही, कारण त्यात सगळे एकाच वेळी बोलत असतात.

बार्बेरियनचं म्हणणं, ग्रिड फेकून द्या. अर्धं बरोबर आहे. दर लढाईला ग्रिड लागत नाही. रस्त्यात भेटलेले चार लांडगे, दारावरचे दोन पहारेकरी, हे तोंडी होऊ दे. दहा मिनिटांत आटप. काही तर लढाई म्हणूनही खेळू नकोस. "दोन पहारेकरी आहेत. कसं कराल?" एक जण स्टेल्थचा (लपून जाण्याचा) फासा टाकतो, जमलं तर जमलं, नाही तर थोडे हिट पॉइंट गेले आणि आवाज झाला. पूल, खिंड, सरदाराचा वाडा यांसाठी मिनी (छोट्या मूर्ती) आणि ग्रिड काढ. दोन-तीन शनिवारांतून एकदा. रोज पुरणपोळी कुणालाच नको असते, फायटरलासुद्धा.

मध्येच नियमावरून अडलात तर? थंडरवेव्हने ढकललेला माणूस पुलावरून खाली पडतो का, त्याला सेव्ह मिळतो का? पुस्तक उघडू नकोस. तू ठरव, पुढे जा, नंतर बघून घ्या. डीएमने असं ठरवण्याला भली जुनी परंपरा आहे. १८२४मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झचा युद्धखेळ आला: नकाशा, ठोकळे, फासे, तक्ते, आणि दोन मिनिटांची एक टर्न. अधिकाऱ्यांना शिकवायला उत्तम, पण तक्ते बघता बघता खेळ रखडायचा. शेवटी १८७६मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायची पद्धत मांडली. म्हणजे तुझा फायटर आणि तुझा बार्बेरियन ज्यावरून भांडतायत, त्यावरून सैन्यातले लोक दीडशे वर्षांपूर्वी भांडत होते. आणि डी अँड डी त्या युद्धखेळांच्याच खानदानातलं. फक्त पंचाचा निर्णय चालायला पंचावर भरवसा लागतो. तू शत्रूच्या बाजूने निर्णय देतोस असं एकदा वाटलं की प्रत्येक जण पुस्तक घेऊन बसेल. शंका असेल तेव्हा खेळाडूच्या बाजूने दे.

दादाचं काय करायचं ते वेगळं सांगते, कारण मोठ्या भावाला सगळ्यांसमोर "लवकर" म्हणणं किती अवघड असतं ते मला कळतं, आणि वहिनी समोर बसलेल्या असताना तर अजूनच. टेबलावर काही बोलू नकोस. मधल्या दिवसांत फोन कर. "दादा, तुझे स्पेल मला पाठ नाहीत, त्यामुळे माझीच तारांबळ होते. एकेका कार्डावर लिहून आणशील का, पल्ला, सेव्ह आणि नुकसान एवढंच?" असं म्हण. लिहिता लिहिता त्याचे ते पाठ होतील. आठ कार्डं हातात धरून बसलेला माणूस शीट चाळत नाही, पत्ते लावल्यासारखी आधीच क्रमाने लावून ठेवतो. बाजूवार इनिशिएटिव्ह आल्यावर त्याच्यासाठी कुणी खोळंबणारही नाही, तो शेवटी खेळेल. आणि त्याला शेवटी खेळायला आवडेल असं मला वाटतं. उरलेला गुंता सोडवणारा विझार्ड व्हायला कुणाला नको असतं?

हे सगळं एकाच शनिवारी करू नकोस. आधी इनिशिएटिव्ह आणि सरासरी नुकसान. दोन आठवडे तेवढंच चालव. मग मोराल. पूल आणि खिंड तुझ्या तयारीचा भाग आहेत, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. इतकं करूनही मोठ्या लढाईची शेपटी लांबत राहिली, तर २०१३च्या थर्टीन्थ एज या खेळातला एस्कलेशन डाय (चढता फासा) उचल. डी अँड डीच्या तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीचे मुख्य डिझायनर एकत्र आले आणि त्यांनी ही युक्ती काढली. दुसऱ्या राउंडला टेबलाच्या मधोमध एक मोठा सहाबाजू फासा १ वर ठेवायचा, दर राउंडला एकेक वाढवायचा, आणि तो आकडा खेळाडूंनी आपल्या वारात मिळवायचा. लढाई जितकी लांबेल तितकी लवकर संपत जाते. पाचव्या आवृत्तीत तो ३च्या वर नेऊ नकोस. तिथले आकडे लहान आहेत, फायटरच्या +६वर आणखी ६ म्हणजे वार लागल्यातच जमा.

सिस्टीम बदलण्याबद्दल माझं मत: आत्ता नको. नवे नियम शिकण्यात तुमचे तीन-चार शनिवार जातील आणि वाट बघणं तिथेही तेवढंच असेल, कारण सात शत्रू एकेक करून हलवायची सवय तुझ्याबरोबर तिकडे येईल. पण चव म्हणून एखादा वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) जरूर कर, आणि दोन टोकांचे कर. एकदा केर्न घे: तिथे वार लागतो की नाही याचा फासाच नाही, सरळ नुकसानाचा टाकायचा. बार्बेरियन खूश होईल, आणि लढाई टाळायला दादा काय काय युक्त्या काढतो ते बघच. एकदा पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती घे, २०१९ची: टर्नला तीन ॲक्शन, त्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण दुसऱ्या वाराला ५ कमी आणि तिसऱ्याला १० कमी, म्हणून नुसतं मारत राहणं परवडत नाही. फायटरला ते आवडेल. पात्रं मात्र तूच आधी भरून ने, नाही तर तो अख्खा शनिवार शीट भरण्यात जाईल.